प्रक्षेपणाकडून खिशाकडे : मुद्रित दूरचित्रवाणीच्या रूपांतराचा इतिहास – यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

१९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळ येथे भरले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. त्याच्या लहरी विदर्भापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली त्याच शहरात ब्याण्णवावे संमेलन झाले. त्या वेळी नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले आणि त्यांच्या न झालेल्या भाषणाचा मजकूर संमेलन सुरू होण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरला. या दोन संमेलनांमध्ये सेहेचाळीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात यवतमाळसारख्या, मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील सामान्य माणसाचे हलत्या चित्राशी असलेले नाते किमान चार वेळा बदलले. दिवाणखान्यातील संच, भाड्याने आणलेला व्हीसीआर, बाजारातून आणलेली व्हीसीडी आणि अखेरीस खिशातील पडदा, असा हा क्रम आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या क्रमातील एक दुर्लक्षित दुवा आहे. दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेले चित्र लहान, हाती धरण्याजोग्या यंत्रावर पाहता यावे म्हणून त्याचे जे रूपांतर करण्यात आले, तो हा दुवा होय. माध्यमांच्या इतिहासात वाहिन्या, निर्माते, कलावंत आणि फार तर प्रेक्षकसंख्या यांची नोंद होते. रूपांतर करणारा माणूस, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी टपरीवजा दुकानात संगणक मांडून बसलेला तरुण, त्या इतिहासात येत नाही. वस्तुतः ग्रामीण भागात दूरचित्रवाणीवरील काय टिकेल आणि काय नाहीसे होईल, हे काही वर्षे बऱ्याच अंशी त्यानेच ठरविले. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने प्रश्न केवळ तंत्राचा नाही. जे चित्र आज आपल्या हाती येते ते मूळ प्रक्षेपण नसून त्याची तिसरी किंवा चौथी नक्कल असते, आणि तिच्यातून काय गळून गेले आहे हे कळल्याशिवाय तिचा साधन म्हणून उपयोग करता येत नाही.

दूरचित्रवाणीचे उशिरा आगमन

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे शेजारच्या मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेशातील काही खेड्यांनी जे १९७५ मध्ये पाहिले, ते यवतमाळच्या खेड्यांना त्या वर्षी पाहता आले नाही. पुढे १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, १९८३ च्या उत्तरार्धात इन्सॅट-१ बी हा उपग्रह कार्यरत झाला आणि १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभारण्यात आले. नागपूर ते यवतमाळ हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. नागपूरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरींवर यवतमाळकरांना विसंबता येत नव्हते; उंच बांबूला ॲन्टेना बांधून ‘मुंग्या’ पाहण्याचाच अनुभव अधिक. उपग्रह आणि स्थानिक प्रक्षेपक यांच्या जोडीनेच येथे खऱ्या अर्थाने दूरचित्रवाणी आली, आणि तीही प्रक्षेपकाच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात. सोळा तालुक्यांच्या आणि सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात परिघाबाहेरची गावे बहुसंख्य होती, हे वेगळे सांगावयास नको.

या भौगोलिक वस्तुस्थितीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. जेथे प्रक्षेपण पोचत नाही तेथे मुद्रण पोचते. ‘रामायण’ (१९८७-८८) आणि ‘महाभारत’ (१९८८-९०) या मालिकांच्या वेळी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ही आठवण शहरांची आणि प्रक्षेपकाच्या छायेतील गावांची आहे. त्यापलीकडच्या वस्त्यांना त्या मालिकांचा परिचय पुष्कळदा नंतर, कॅसेटच्या रूपाने झाला. गणेशोत्सवात किंवा लग्नाच्या निमित्ताने रंगीत संच व व्हीसीआर भाड्याने आणावयाचा, चौकात मांडावयाचा आणि पहाटेपर्यंत एकामागून एक कॅसेट लावावयाची, ही विदर्भातील खेड्यांत सर्वपरिचित पद्धत होती. ‘वेळेवर पाहणे’ ही दूरचित्रवाणीची अट ग्रामीण प्रेक्षकाने अशा रीतीने सुरुवातीपासूनच मोडीत काढली होती.

कॅसेट ते तबकडी

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धती बाजारात आणली. सोनीची बीटामॅक्स एक वर्ष आधीची. घरी मुद्रण करणे कायदेशीर की बेकायदेशीर, हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९८४ मध्ये न्यायालयाने कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करून ठेवणे हा न्याय्य वापर मानला. भारतात हा वाद असा गाजला नाही. येथे व्हीसीआरचे काम प्रामुख्याने चित्रपट दाखविण्याचे होते. प्रक्षेपित कार्यक्रम मुद्रित करून ठेवणारी घरे थोडी होती. तथापि ज्यांनी ते केले, त्यांच्या कपाटातील कॅसेट आज मोलाच्या ठरतात. दूरदर्शनच्या प्रारंभीच्या काळात फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात आणि त्यामुळे अनेक कार्यक्रम केंद्राजवळच उरले नाहीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ‘आमची माती, आमची माणसं’ यासारख्या शेतीविषयक कार्यक्रमाचे एकेक भाग त्या दिवशीच्या उपयोगासाठी होते. ते जपून ठेवण्याची गरज क्वचितच कोणाला वाटली असेल. अशा वेळी एखाद्या शिक्षकाने वा कृषी सहायकाने घेतलेले मुद्रण हीच एकमेव प्रत असू शकते.

व्हीसीडीचे मानक १९९३ मध्ये निश्चित झाले. युरोप-अमेरिकेत ती फारशी रुजली नाही. चीन, आग्नेय आशिया आणि भारत येथे मात्र तिने कॅसेटला हद्दपार केले. तबकडी स्वस्त, यंत्र स्वस्त आणि नक्कल करणे सोपे, ही तिची बलस्थाने होती. त्याच सुमारास वाहिन्यांची संख्या वाढत होती. अल्फा मराठी १९९९ मध्ये, ई टीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाली. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव एप्रिल २००० मध्ये मिळाले. केबल गावोगाव पोचली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनामूल्य थेट उपग्रह सेवा आल्यावर केबल नसलेल्या वस्तीतही छपरावर छत्री दिसू लागली. पाहण्यासारखे पुष्कळ झाले. पाहण्यासाठी लागणारी वीज मात्र नव्हती.

भारनियमन आणि खिशातील पडदा

लहान यंत्रांच्या प्रसाराचे कारण म्हणून पाश्चात्त्य लेखनात प्रवासाचा उल्लेख येतो. आगगाडीत, विमानात, कामावर जाता-येता पाहता यावे म्हणून घरच्या मुद्रकातील कार्यक्रम लहान यंत्रावर उतरवून घ्यावयाचे, अशी तेथील कल्पना होती. फ्रान्सच्या आर्कोस कंपनीने २००२ मध्ये चित्र दाखविणारे हातातील यंत्र आणले. अमेरिकेत टिव्हो या मुद्रकातील कार्यक्रम बाहेर नेण्याची सोय २००५ च्या प्रारंभी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ॲपलचा चित्र दाखविणारा आयपॉड आला. यवतमाळ जिल्ह्यात ही यंत्रे क्वचितच कोणी पाहिली असतील, आणि प्रवास हे कारणही येथे दुय्यम होते. येथील कारण भारनियमन हे होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाकाठी अनेक तास वीज नसे. मालिकेच्या वेळी वीज नाही, बातम्यांच्या वेळी वीज नाही, आणि वीज येई तेव्हा मोटार लावण्यासाठी शेतावर जावे लागे. बॅटरीवर चालणारे आणि रात्री कधीतरी भारित करून ठेवता येणारे यंत्र ही अशा ठिकाणी चैन नव्हती.

ही गरज भागविली ती चिनी बनावटीच्या ‘एमपीफोर प्लेअर’ने आणि त्यापाठोपाठ आलेल्या ‘चायना मोबाइल’ने. यातील पहिल्या वस्तूचे नाव फसवे होते. एमपीफोर या नावाचे आंतरराष्ट्रीय मानक वेगळे आहे. बाजारातील अनेक स्वस्त यंत्रांना ते मुळीच चालत नसे. एमपीथ्रीनंतरचा आकडा म्हणून विक्रेत्यांनी ते नाव लावले एवढेच. ही यंत्रे एएमव्ही नावाच्या एका साध्या पद्धतीने बांधलेले चित्र दाखवीत, आणि त्या पद्धतीत चित्र बसविण्यासाठी यंत्रासोबत आलेल्या छोट्या चकतीवरील सॉफ्टवेअर लागत असे. ती चकती हरवली की यंत्र निरुपयोगी. कदाचित याच कारणाने रूपांतर हे घरी करण्याचे काम न राहता दुकानाचे काम झाले. ओळखक्रमांक नसलेले भ्रमणध्वनी संच सरकारने १ डिसेंबर २००९ पासून बंद केले, तोपर्यंत ‘चायना मोबाइल’ खेडोपाडी पोचलेला होता, आणि पुढे कायदेशीर संचांनीही तीच सवय चालू ठेवली.

‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ ही पाटी त्या काळातील तालुक्याच्या बाजारपेठेची खूण आहे. रिचार्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ‘डाऊनलोडिंग’ ही सर्व कामे एकाच टेबलावर चालत. आठवडी बाजाराला आलेला माणूस सकाळी कार्ड देई, बाजार करी आणि परतताना भरलेले कार्ड घेऊन जाई. आंतरजाल जोडणी मंद असल्याने दुकानदाराचा साठा मुख्यतः सीडी, डीव्हीडी आणि दूरचित्रवाणीवरून पकडलेले कार्यक्रम यांचा असे. टीव्ही ट्यूनर कार्ड संगणकात बसवून केबलची तार थेट त्याला जोडली की मुद्रण सुरू. थेट उपग्रह सेवा देणाऱ्या खासगी कंपन्यांनी २००८ पासून मुद्रणाची सोय असलेले संच आणले, पण त्यांतील मुद्रण कुलूपबंद असे. ते बाहेर काढता येत नसे. जुन्या तारेचा मार्ग मात्र खुला होता. नव्या यंत्राने बंद केलेली वाट जुन्या यंत्राच्या मागील बाजूने मोकळी राहते, असा अनुभव तंत्राच्या इतिहासात अनेकदा येतो.

रूपांतराची प्रक्रिया आणि तिचे गणित

दुकानदार असे का करीत होता आणि त्यामुळे चित्राचे काय होत होते, हे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. भारतातील दूरचित्रवाणीचे चित्र ५७६ दृश्य ओळींचे. संगणकात घेताना ते ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे होते, म्हणजे ४,१४,७२० बिंदू. व्हीसीडीत ते ३५२ गुणिले २८८ होते, म्हणजे १,०१,३७६ बिंदू. साध्या भ्रमणध्वनीसाठी ‘थ्रीजीपी’ पद्धतीत ते १७६ गुणिले १४४ होते, म्हणजे केवळ २५,३४४ बिंदू. प्रत्येक पायरीवर चित्राचा सुमारे चौथा हिस्सा उरतो. दोन पायऱ्यांनंतर सोळावा. कालाच्या मापातही अशीच घट होते. मूळ प्रक्षेपणात दर सेकंदाला पन्नास अर्धचित्रे येतात, व्हीसीडीत पंचवीस चित्रे राहतात, भ्रमणध्वनीसाठी बारा-पंधरा.

यामागे दुकानाचे अर्थकारण होते. व्हीसीडीच्या मानकानुसार चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे १३७४ किलोबिट लागतात. एक गिगाबाइटच्या कार्डावर या दराने दीड तासाहून थोडे अधिक मावते. एवढ्यात एक चित्रपटही पुरा बसत नाही. तेच १४० किलोबिटच्या दराने बांधले तर सुमारे सोळा तास मावतात. ग्राहक कार्ड ‘भरून’ मागत होता. कार्डावर किती तास बसले यावर त्याचे समाधान ठरत असे. चित्र किती स्पष्ट आहे, हे दीड इंचाच्या पडद्यावर त्याला तेव्हा फारसे खटकत नव्हते. फॉरमॅट फॅक्टरी, टोटल व्हिडिओ कन्व्हर्टर अशा सॉफ्टवेअरमध्ये ठराविक पर्याय आधीच मांडून ठेवलेले असत. एक कळ दाबली की रात्रभरात पूर्ण साठा रूपांतरित होई. त्यांतील अनेकांच्या मुळाशी फॅब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्त प्रकल्प होता. जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेली ही आज्ञावली विदर्भातल्या एखाद्या बाजारपेठेत नाव माहीत नसतानाही चालत होती.

चौकोनाचे प्रमाणही बदलले. दूरचित्रवाणीचा पडदा चारास तीन. १७६ गुणिले १४४ हा चौकोन अकरास नऊ. भ्रमणध्वनीवर तो जसाच्या तसा दिसला की चेहरे सुमारे नऊ टक्क्यांनी उभट होत. त्या काळातील अनेक चित्रफितींत सर्वच माणसे किंचित सडपातळ दिसतात, त्याचे कारण हे आहे. चित्राच्या पडताळणीसाठी अभ्यासकाला ही खूण उपयोगी पडते. चेहरे उभट असतील तर ती फीत एकदा तरी त्या चौकोनातून गेली आहे असे मानावयास हरकत नाही, मग आज ती कितीही मोठी करून दाखविली जात असो.

देवनागरीचे आणि ध्वनीचे नुकसान

चेहरा ओळखू येतो, गाणे कळते. मग गेले काय? प्रथम गेली ती अक्षरे. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीतील अक्षर मूळ चित्रात वीस ओळी उंच असेल, तर १४४ ओळींच्या चित्रात ते पाच ओळींचे होते. रोमन मोठी अक्षरे पाच-सात ओळींत कशीबशी वाचता येतात. देवनागरीला शिरोरेषा, तिच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरे लागतात. पाच ओळींत हे बसत नाही. अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, ‘२’ आणि ‘३’ एकसारखे दिसतात. चित्रपटाच्या गाण्यात याने काही बिघडत नाही. पण कापसाचा भाव सांगणारी पट्टी किंवा दहा लिटर पाण्यात किती मिलिलिटर औषध मिसळावयाचे हे सांगणारा तक्ता असेल, तर उरलेले चित्र निरुपयोगी ठरते, क्वचित घातकही.

हा मुद्दा यवतमाळसाठी पुस्तकी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती एका माध्यमाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत सूचना कोणत्या रूपाने पोचते, ती वाचता येते का, ऐकून कळते का, हा प्रश्न त्या वर्षी जिवाशी निगडित होता. केंद्र सरकारची ‘डीडी किसान’ ही वाहिनी मे २०१५ मध्ये सुरू झालेली होती. शेतात मात्र संच नसतो. तेथे असतो तो भ्रमणध्वनी. मोठ्या पडद्यासाठी रचलेला तक्ता लहान पडद्यावर आपोआप वाचनीय होत नाही, त्यासाठी तो वेगळा रचावा लागतो. शेतीविषयक चित्रफिती तयार करणाऱ्या यंत्रणांनी हा फरक पुरेसा ओळखला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरे नुकसान ध्वनीचे. थ्रीजीपी पद्धतीत बहुधा एएमआर ही ध्वनिबांधणी वापरली जाई. ती मुळात दूरध्वनीवरील संभाषणासाठी तयार झालेली असून सेकंदाला ८००० नमुने घेते. परिणामी साधारणतः साडेतीन हजार हर्ट्झच्या वरील ध्वनी उरत नाही. ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक वर्णांची बरीचशी ऊर्जा त्या मर्यादेच्या वर असते. मराठी ऐकणारा संदर्भावरून शब्द भरून काढतो. परंतु यवतमाळ ही केवळ मराठीची भूमी नाही. गोरमाटी, गोंडी, उर्दू, तेलुगू यांच्यासह कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा येथे बोलली जाते. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या म्हणजे पोड आहेत. २०११ च्या जनगणनेत कोलामी भाषकांची देशातील संख्या सुमारे सव्वा लाख होती. एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो वर्धा भागातील बोलीवर आधारित आहे. यवतमाळच्या बोलींचे स्वतंत्र मुद्रण जितके असेल तितके हवेच आहे. एखाद्या पोडातील गाणे वा नृत्य कोणी चित्रित केले आणि पुढे ते याच पद्धतीने बांधून कार्डावर उतरविले, तर समाजाच्या आठवणीसाठी ते पुरेसे आहे. वर्णोच्चाराच्या अभ्यासासाठी मात्र ते बाद ठरते, आणि गेलेला ध्वनी कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

बंजारा समाजाच्या बाबतीत याची दुसरी बाजू दिसते. जनगणनेत ही भाषा हिंदीच्या सदरात मोजली जाते आणि मराठी वाहिन्यांना तिच्यासाठी वेळ नव्हता. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री या समाजाने पुसद परिसरातून राज्याला दिले, तरी भाषेची ही स्थिती बदलली नाही. गोरमाटी गीतांच्या सीडी आणि पुढे त्यांची कार्डावरील रूपे हीच या भाषेची दूरचित्रवाणी झाली. चित्र धूसर होते म्हणून तिला उणे लेखणे बरोबर नाही. वाहिन्यांवर जिला जागा नव्हती ती भाषा या धूसर चित्रातूनच तांड्या-तांड्यांत फिरली.

कापून घेतलेला तुकडा

रूपांतरात चित्र आकाराने लहान होते, तसे ते लांबीनेही तोडले जाते. याचे यवतमाळशी निगडित उदाहरण राष्ट्रीय पातळीवरचे आहे. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे मदतसाहाय्य जाहीर केले. त्यांत यवतमाळ होते. चोवीस तास बातम्या देणारी मराठी वाहिनी तेव्हा अस्तित्वात नव्हती. झी चोवीस तास आणि स्टार माझा या वाहिन्या २००७ मधल्या, आयबीएन लोकमत २००८ मधली. त्यामुळे २००६ च्या दौऱ्याचे मराठी चित्रण ठराविक वेळच्या बातमीपत्रांतच आले. दोन वर्षांनी, २२ जुलै २००८ रोजी, विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधी यांनी जळका (ता. मारेगाव) येथील एका शेतकरी विधवेचा उल्लेख लोकसभेत केला. तोपर्यंत लोकसभेची स्वतंत्र वाहिनी होती आणि वृत्तवाहिन्याही होत्या. अणुकराराच्या संदर्भात केलेला तो उल्लेख होता. वृत्तवाहिन्यांनी त्यातून एक नाव आणि एक चेहरा उचलला. विजेचा मुद्दा मागे पडला.

लहान यंत्रावर जाणारा तुकडा याहूनही लहान असतो. आधी व नंतर काय होते, तारीख कोणती, वाहिनी कोणती, हे बहुधा नाहीसे होते. फाईलला नाव दिले जाते ते दुकानदाराच्या सोयीचे, आणि तारीख राहते ती रूपांतराच्या रात्रीची. यामुळे पुढील अभ्यासकाची फसगत होऊ शकते. २००८ चा प्रसंग २०११ च्या तारखेने हाती आला तर त्याचा संबंध भलत्याच घटनेशी जोडला जाईल. कोपऱ्यातील वाहिनीचे चिन्ह, पट्टीतील मथळा, मध्येच राहून गेलेली जाहिरात ही अशा वेळी खरी कालनिदर्शक साधने ठरतात. जाहिराती कापून काढण्याची ‘स्वच्छता’ सामान्य प्रेक्षकाला आवडते. इतिहासकाराचे तिच्यामुळे नुकसानच होते.

कायदा आणि संग्रह

या सर्व व्यवहाराला कायद्याची बाजू आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षे स्वतंत्र हक्क असतो. आतील कथा, संगीत, चित्रपट यांचे हक्क त्याहून वेगळे व दीर्घ असतात. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन व संशोधनासाठी केलेले मुद्रण प्रक्षेपणहक्काचा भंग मानलेले नाही. म्हणजे कपाटात कॅसेट ठेवणारा शिक्षक बऱ्याच अंशी निर्धास्त राहू शकतो. पैसे घेऊन कार्ड भरून देणारा दुकानदार मात्र नाही. असे असूनही टिकले ते मुख्यतः दुकानदारांच्या साठ्यातून, ही विसंगती नोंदवून पुढे जाणे भाग आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट उघडली. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाजवळ एखाद्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठविण्यास ५२ व्या कलमात मुभा देण्यात आली. महाविद्यालयीन ग्रंथालये या तरतुदीचा विचार अपवादानेच करतात.

सरकारी पातळीवरील अनुभव फारसा आश्वासक नाही. शालेय दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तीन दशके ज्या कार्यक्रमांनी खेड्यांतील शाळांत वर्ग भरविले, त्यांच्या फितींचे भवितव्य त्यामुळे चिंतेचा विषय झाले. आणि अवघ्या तीन वर्षांनी, २० जुलै २०२० पासून, शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू करावी लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर कार्ड भरण्याचा धंदा जवळपास संपला होता. तरी त्या टाळेबंदीत जेथे जोडणी पुरत नव्हती तेथे मुद्रित धडा एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर देण्याची जुनी रीत पुन्हा उपयोगी पडण्यासारखी होती.

यवतमाळ जिल्ह्यातील घरांत आज ज्या कॅसेट पडून आहेत, त्यांच्यासंबंधी व्यवहार्य सूचना एवढीच करता येते. पाहण्यासाठी लहान प्रत करण्यास हरकत नाही. परंतु त्याआधी पूर्ण आकाराची, दोन्ही अर्धचित्रे जशीच्या तशी राखणारी, ध्वनी न दाबलेली एक प्रत घ्यावी, जाहिराती कापू नयेत, आणि कॅसेटच्या वेष्टनावरील हस्ताक्षराचेही छायाचित्र ठेवावे. जुने कार्ड मिळाले तर ‘खराब दर्जा’ म्हणून टाकून देऊ नये; कार्डावर कोणत्या क्रमाने काय भरले होते, यावरून त्या ग्राहकाची आवड कळते, आणि अशी माहिती वाहिन्यांच्या दप्तरात नसते. कामास विलंब परवडणारा नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणारे तापमान आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे फितीवरील थर सुटतो, तिला बुरशी लागते. फीत शाबूत असली तरी ती चालविणारे यंत्र नवे मिळत नाही. व्हीसीआर तयार करणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. तेव्हापासून जुन्या यंत्राचे झिजलेले हेड बदलावयाचे तर दुसऱ्या जुन्या यंत्रातून ते काढून घ्यावे लागते, आणि ते बसवून देणारा कारागीर अजून दुकानात बसत असेपर्यंतच हे काम होण्यासारखे आहे.